मधल्या दारातली ओटी

२०२३ सालच्या मे महिन्यात, अकरा तारखेच्या दुपारी, उमाने कापा फणस कोयतीने उभा चिरला आणि ती गरे काढायला बसली. हाताला खोबरेल चोपडलेलं असूनही चिकाने बोटं धरलीच. नेमका तेव्हा झोपाळ्यावर ठेवलेला तिचा फोन वाजला. तिने मनगटाने तो सरकवून पाहिला, कोपराने दाबून पाहिला. फोन वाजतच राहिला.

"अहो, घ्या ना तो. माझे हात बघा."

दत्तात्रेय पडवीच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी आधी लांबूनच चष्मा सावरून पडद्यावरचं नाव वाचलं.

"खतिजा आहे," असं म्हणून मगच ते उठले.

नाव मृणालीचं असतं तर ते उठले नसते. मृणाली त्यांची एकुलती मुलगी. औषधं तयार करणाऱ्या कंपनीत नोकरी लागून ती स्वित्झर्लंडमधल्या बासेलला गेली, त्याला नऊ वर्षं झाली होती. पाच वर्षांपूर्वी तिने तिथल्याच रेटो नावाच्या एका सहकाऱ्याशी कचेरीत जाऊन लग्न केलं, आणि केल्यावर फोटो पाठवला. मुलगा तिकडचा आहे याबद्दल दत्तात्रेयांनी एक अक्षर काढलं नाही. "आधी सांगितलं असतं तर मी काय आडवा पडलो असतो?" एवढं एकदाच म्हणाले, आणि त्या दिवसापासून मुलीशी बोलणं थांबलं. दर रविवारी तिचा फोन आला की ते पोफळींना पाणी लावायला जात. पावसाळ्यातसुद्धा जात.

"हॅलो, उमा? अरे, गुरुजी! उमाला द्या."

"तिचे हात फणसात आहेत. बोल."

पडद्यावर खतिजाची हनुवटी आणि वरचं पांढरंशुभ्र छत एवढंच दिसत होतं.

"मी पोचल्ये. बॅग मिळाली. बाहेर पण आल्ये. पण मृणाली नाय हय."

उमाच्या हातातला गरा पुन्हा फणसात पडला.

खतिजा ही गडग्यापलीकडची शेजारीण. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या त्या वाडीत दोन घरांच्या मधे जांभ्या दगडाचा गडगा होता, आणि गडग्यात ये-जा करायला एक बेडं. दोन खांब नि तीन आडवे बांबू, सरकवले की वाट मोकळी. ते बेडं बंद असलेलं उमाने चाळीस वर्षांत दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा कुणाची तरी गुरं सुटली होती म्हणून. खतिजाचा नवरा फारुक कुवेतच्या बंदरात बोटीवर होता. त्या काळी तो पत्रं लिहायचा नाही, कॅसेट भरून पाठवायचा. खतिजा ती उमाकडे येऊन ऐकायची, कारण टेपरेकॉर्डर गुरुजींच्या घरी होता. अर्धी कॅसेट झाली की उमा उगाच चहा टाकायला आत जायची. पुढे खतिजा स्वतः सहा वेळा कुवेतला जाऊन आली. नव्वद साली लढाई सुरू झाली तेव्हा दोन वर्षांच्या फैझानला काखेत मारून ती एकटी परत आली होती. विमानाच्या प्रवासात तिच्याइतका तयार माणूस वाडीत दुसरा नव्हता.

आता फैझान फ्रान्समधे, बासेलपासून तासाभरावर, एका यंत्रांच्या कारखान्यात होता. त्याला पहिली मुलगी झाली, म्हणून खतिजा निघाली. फारुक आंब्याचं निभावून मागून जाणार होता.

भाट्याला कोणी परदेशी निघालं की आजूबाजूच्या दहा घरांतून गाठोडी येतात, हे काही नवीन नाही. खतिजाच्या माजघरात त्यासाठी वजनाचा काटाच टांगलेला होता. कुणाची सुकट, कुणाचं कोकमाचं आगळ, कुणाचे पोह्याचे पापड. "एक किलोच्या वर कुणाचं घेणार नाय," असं ती दरडावून सांगायची आणि दोन दोन किलो घ्यायची. यावेळी मात्र तिने सगळ्यांना हात जोडले. फक्त उमाचं बोचकं घेतलं.

मृणालीला सातवा महिना होता. तो संपायला तीन दिवस उरले होते. बोचक्यात उमाच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होती, आळीव होते, बाळंतशेपा होत्या, आणि एका वेगळ्या कापडात ओटीचं सामान. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाची डबी आणि घरच्या माडाचा सोललेला नारळ.

"लग्नात तिला माझ्याकडून एक खणसुद्धा मिळाला नाही गो," उमा म्हणाली होती. "सातव्यातली ओटी तरी माहेरची मिळू दे. तू भर."

"मी भरू? चालेल?"

"तुझा नवरा धडधाकट आहे, पोरगा आहे, नात झाली. आणि तू तिला पाळण्यात घातलेलीस. मला तुझ्याशिवाय दुसरी कोण आहे तिकडे?"

उमाला स्वतःला जाता आलं असतं. दत्तात्रेय "तू जा" म्हणत होते. पण गेलो तर दोघं जाऊ, हा तिचा हट्ट, आणि त्या हट्टापायी सातवा महिना सरत आला होता.

ठरलं होतं ते असं. खतिजा उतरेल, मृणाली तिला विमानतळाबाहेर भेटेल, तिथेच कुठे तरी बाकावर बसून ओटी भरायची, आणि फैझान येऊन आईला घेऊन जाईल. मृणालीला फ्रान्समधे जाऊन भेटणं शक्य नव्हतं. तिचं तिथे राहण्याचं कार्ड नव्याने करायला दिलेलं होतं, आणि ते हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही असं तिला कचेरीतून सांगितलेलं. फैझानला पुढचे दहा दिवस सुट्टी नव्हती. म्हणजे भेट व्हायची तर आज, आणि तिथेच.

"फैझान कुठे आहे?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"त्याचा रस्ता तुंबलाय. तास लागेल म्हणाला, तोवर मृणालीजवळ बस म्हणाला. आता गाडी चालवतोय, फोन उचलत नाय. मृणालीचा नंबर लावला तर एक बाई कायतरी फ्रेंच बोलते नि ठेवते."

"तू कुठल्या दाराने बाहेर आलीस?"

"दाराने म्हणजे? सगळे येतात त्या."

"सगळे म्हणजे कोण?"

खतिजा म्हणाली, "विमानात माझ्या बाजूला एक तुर्की बाई होती. डोक्यावर रुमाल, चार पोरं. तिच्या मागून आल्ये."

उमाला हसू आलं. कुवेतला जाताना खतिजाचा एकच नियम असायचा. पाट्या वाचायच्या नाहीत, आपल्यातलं माणूस बघायचं आणि त्याच्या पाठोपाठ चालायचं. सहा वेळा तो नियम तिला बरोबर घरापर्यंत घेऊन गेला होता.

दत्तात्रेयांनी मात्र डोळे मिटले. "फ्रान्सच्या दाराने गेलीस."

"मग? फैझान फ्रान्सातच ऱ्हातो ना?"

एवढ्यात बेड्यातून फारुक आला. लुंगी खोचलेली, खांद्यावर आंबे काढायचा घळ. बायकोचा आवाज त्याने गडग्यापलीकडून ओळखला होता.

"काय झाला मास्तर?"

"तुझी बायको चुकीच्या देशात उतरली."

"ती?" फारुकने घळ भिंतीला टेकवला आणि फोनमधे तोंड घातलं. "काय गो, लढाईतून आलीस, नि आता हय हरवलीस?"

"तुम्ही गप बसा. गुरुजी, ह्यांना बाजूला करा आधी."

उमा हात वर धरून उठली. "अहो, मृणालीला साडेबाराला डॉक्टरकडे जायचंय. तिकडे आता साडेअकरा होत आले असतील. काही तरी करा."

दत्तात्रेय फोन दोन्ही हातांत धरून झोपाळ्यावर बसले. सदतीस वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या शाळेत भूगोल शिकवला होता, आणि घसा साफ करायची त्यांची एक पद्धत होती. ती उमाने बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

"खतिजा, नीट ऐक. तो विमानतळ दोन देशांनी मिळून बांधलेला आहे. आपला गडगा असतो ना, तसं समज. अंगण एकच, मधे गडगा. तू फारुकच्या बाजूला उतरलीस. मृणाली आमच्या बाजूला उभी आहे."

"मग रस्त्याने वळसा घालून येऊ?"

"रस्त्याने नको. तो बारा गावं फिरवेल. मधे बेडं आहे."

"विमानतळाला बेडं?"

"आहे. वरच्या मजल्यावर. फोन उलटा कर, तुझ्या पुढचं मला दिसू दे. हां. मोटारी भाड्याने देणाऱ्यांच्या खिडक्या दिसतात ना? त्यांच्या उजव्या हाताने चाल. पुढे लिफ्ट येईल. तीन आकडा दाब."

पडद्यावर फरशी पळू लागली. बॅगेची चाकं खडखडत होती.

"आली लिफ्ट."

"वर गेलीस की डावीकडे वळ. उजवीकडे खाण्याची दुकानं आहेत, तिकडे जाऊ नकोस. सरळ गेलीस की काचेचं दार येईल. तिथे जकातीचा माणूस असतो. त्याला पासपोर्ट दाखव. पलीकडे स्विस बाजू. तिथून खाली गेलं की पन्नास नंबरची बस शहरात जाते. मधला रस्ता फ्रान्समधूनच जातो, पण दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, त्यामुळे कुठे अडवत नाहीत. अठरा मिनिटं लागतात. स्टेशनाच्या दारात उतरवते. तिथून दोन नंबरची ट्राम, आणि..."

"गुरुजी, मला बस नको. मला मृणाली हवी."

दत्तात्रेय थांबले. फारुकने उमाकडे पाहिलं आणि उमाने दत्तात्रेयांकडे.

"तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?" तिने हळूच विचारलं.

"नकाशात असतं," ते म्हणाले, पण फोनवरून मान वर केली नाही.

दुपारी जेवण झाल्यावर ते तासभर फोन घेऊन खोलीत पडायचे. उमाची समजूत होती की ते कीर्तनं ऐकतात.

"मी दारापाशी आल्ये," खतिजा म्हणाली. "माणूस आहे. मिशीवाला. पण पलीकडे मृणाली दिसत नाय."

"ती खाली उभी असणार," उमा म्हणाली. "तिला वर बोलवायला हवं. पण ह्या फोनवर तर ही आहे. फारुकभाई, तुमचा फोन?"

"घरी. चार्जिंगला लावलाय."

दत्तात्रेयांनी उमाचा फोन फारुकच्या हातात दिला. सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा काढला.

"नंबर सांगत्ये," उमा घाईने म्हणाली. "शून्य शून्य एक्केचाळीस, सात..."

तिकडे घंटी वाजायलासुद्धा लागली होती.

उमाचा चिकाचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी यादी उघडली नव्हती, कुठे पाहिलं नव्हतं. अंगठ्याने एकामागून एक आकडे दाबले होते, घरचा दरवाजा अंधारात उघडावा तसे.

"बाबा?"

फारुकने उमाच्या फोनवर हात ठेवला, खतिजाचा आवाज मधे येऊ नये म्हणून.

"मृणाली," दत्तात्रेय म्हणाले, "तू खालच्या मजल्यावर आहेस ना?"

"हो."

"खतिजा वर आहे, जकातीच्या दारापाशी. फ्रान्सच्या बाजूला. तू लिफ्टने वर ये. जिना चढू नकोस."

"हो बाबा."

"घाई करू नकोस. ती थांबेल."

"हो."

थोडा वेळ नुसता तिच्या चालण्याचा आवाज येत राहिला.

"पायात काय आहे?"

"बूट."

"सपाट?"

"सपाट आहेत बाबा."

"बरं," ते म्हणाले.

उमाच्या फोनवर आधी एक लांब करडा कोट दिसला, मग पोट, मग मृणालीचा चेहरा. खतिजा "आली गो, आली!" करत पुढे धावली, आणि मिशीवाल्याने हात आडवा केला. तो काय म्हणतो ते कळायला वेळ लागला. एवढी मोठी बॅग, तीही भारतातून आलेली, उघडून बघावी लागेल. बघणारा सहकारी खाली गेलाय. अर्धा तास थांबा.

"अर्धा तास!" खतिजा म्हणाली. "ह्याला सांगा कोणीतरी, बॅगेत नातीची झबली आहेत."

मृणाली दाराच्या पलीकडे उभी राहिली. फरशीवर एक पिवळा पट्टा होता. त्याच्या अलीकडे खतिजा, पलीकडे ती. मधे दोन हातांचं अंतर.

"मावशी, बॅग राहू दे. बोचकं तेवढं काढा. मी इथेच उभी राहते, तुम्ही तिथूनच भरा."

"नको, नको!" उमा ओरडली. "उंबरठ्यावर काही देत-घेत नाहीत गो. आणि ओटी? उंबरठ्यावर भरलेली ओटी बरी नाही. खतिजा, थांब तू."

खतिजाचा हात बोचक्यावर थांबला. तिलाही ते पटलेलं दिसलं. तिच्या घरीसुद्धा कोणी उंबरठ्यावर उभं राहून काही घेत नसे.

"आई, मला साडेबाराला जायचंय. ती डॉक्टर गेली तर पुढच्या आठवड्यात मिळेल. आणि ह्यांचा माणूस कधी येईल सांगता येत नाही."

"मग राहू दे," उमा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "रेटोच्या हाती नंतर नुसतं सामान घे. आता नशिबात नाही त्याला काय करायचं?"

मिशीवाला एकदा खतिजाकडे, एकदा मृणालीकडे पाहत होता. आपण नक्की काय अडवलंय, हे त्याला समजत नव्हतं.

"तो उंबरठा नाही," दत्तात्रेय म्हणाले.

"नाही कसा? इकडे एक देश, तिकडे दुसरा."

"तिकडेसुद्धा तोच देश. तो सगळा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. धावपट्टी, इमारत, दोन्ही बाजू. स्वित्झर्लंडची हद्द तिथून चार किलोमीटरवर सुरू होते. सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात बांधला, तीन वर्षांनी करार झाला. जमीन ह्यांनी दिली, पैसे त्यांनी घातले. तो पट्टा नुसता कारभाराचा आहे. जमिनीच्या दृष्टीने त्या दोघी एकाच अंगणात उभ्या आहेत."

"खरं सांगताय?"

"मी भूगोलात कधी खोटं बोललोय?"

मृणालीचा आवाज खाली आला. "म्हणजे बाबा, मी आत्ता कार्डाशिवाय फ्रान्समधे उभी आहे?"

"हळू बोल," दत्तात्रेय म्हणाले.

फारुक एवढ्या मोठ्याने हसला की माडावरचा कावळा उडाला. उमाने डोळे पुसायला हात उचलला आणि चिकाची आठवण होऊन दंडाने पुसले.

"भर गो, भर," ती म्हणाली. "आधी तिला पूर्वेला तोंड करून उभी कर."

खतिजाने इकडे तिकडे पाहिलं. सगळीकडे काच आणि दिवे. "हय पूर्व कुठली?"

"मृणाली, तुझ्या मागे मोठी खिडकी आहे?" दत्तात्रेयांनी विचारलं. "लांब काळसर डोंगर दिसतोय?"

"दिसतोय."

"त्याच्याकडे तोंड कर. ती पूर्व. राइन नदी मधे आहे, ती इमारतींमुळे दिसायची नाही."

आता फोन कोण धरणार हा प्रश्न आला. खतिजाने तो सरळ मिशीवाल्याच्या हातात दिला.

"सर," दत्तात्रेय फोनमधून म्हणाले. त्यांचं इंग्रजी नेहमीच फळ्यावर लिहिल्यासारखं सुटं सुटं होतं. "धिस इज अवर सेरेमनी. फॉर द बेबी. टू मिनिट्स ओन्ली."

त्या माणसाने फोनकडे पाहिलं. पडवी, झोपाळा, अर्धा चिरलेला फणस आणि तीन म्हातारे चेहरे. मग त्याने मान हलवली. पण आधी नारळ मागून घेतला, वळवून पाहिला, आणि कानाशी नेऊन हलवला.

"पाणी हाय काय बघतोय," फारुक म्हणाला. "शहाणा हाय."

मृणालीला पदर नव्हता. खतिजाने खांद्यावरची मोठी ओढणी काढून तिच्या कमरेला खोचली आणि पुढचं टोक तिच्या दोन्ही हातांत दिलं. उमा "आधी हळद, मग कुंकू" म्हणायला लागली, तशी खतिजा म्हणाली, "मला ठाऊक आहे गो. तुझी ओटी भरली तेव्हा पुढ्यात मीच बसल्ये होत्ये. पेढे पण मीच संपवले." तिने मृणालीच्या कपाळाला बोट टेकवलं. खण ठेवला, त्यावर नारळ, हळकुंड, सुपारी. मग ओंजळीने पाच वेळा तांदूळ घातले, आणि दर ओंजळीला ती तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटत होती. ते अर्थातच उमाच्या घरचं नव्हतं, आणि उमाने विचारलंही नाही. काही दाणे पिवळ्या पट्ट्यावर सांडले. मिशीवाल्याने पाय मागे घेतला.

"आई, झालं," मृणाली म्हणाली. ओढणीचा भार तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. "बाबा आहेत?"

"आहे," दत्तात्रेय म्हणाले.

"जाऊ मी? पन्नास नंबर सुटेल."

"सात मिनिटांनी आहे. आरामात जा."

फोन बंद झाल्यावर फारुक घळ उचलून बेड्यातून परत गेला. दत्तात्रेयांनी वर्तमानपत्र उचललं, घडी घातली, ठेवून दिलं. मग वाटीतलं खोबरेल हातांना लावून ते उमाच्या समोर पाटावर बसले आणि गरे काढू लागले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, त्यात त्यांनी फणसाला हात लावलेला तिने पाहिला नव्हता. आठळ्या आणि गरे ते एकाच पातेल्यात टाकत होते. तिने ते तसंच टाकू दिलं.

फैझान सव्वा तासाने पोचला. तोवर खतिजा त्या जकातवाल्याजवळच्या खुर्चीवर बसून त्याला कुवेतची हकिकत मराठीतून सांगत होती, आणि तो ऐकत होता. पुढच्या वर्षी फारुक फैझानकडे, कोल्मारला गेला. थंडीत तीन आठवडे काढून परत आला, आणि तिथे बांगडा मिळत नाही हे अजून सगळ्यांना सांगतो. खतिजा दर वर्षी दोन महिने जाते. बोचकी पुन्हा दहा घरांची नेते.

उमाने हट्ट सोडून त्या मे महिन्यातच आपल्या एकटीच्या व्हिसाचे कागद दिले. त्या कागदांसाठी कपाट उपसताना तिला दत्तात्रेयांचा पासपोर्ट सापडला. २०१९ साली काढलेला, सगळी पानं कोरी. तिने तो होता तसा ठेवून दिला. जुलैत ती एकटी गेली. मिशीवाल्याला द्यायला फणसपोळी घेतली होती, पण त्याची बदली झाली होती. त्याच्या जागी असलेल्या बाईने ती हुंगून पाहिली, बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी एक तुकडा खाल्ला. वीस जुलैला मृणालीला मुलगी झाली. नाव आर्या ठेवलं. रेटोने ते आधी भाट्याला फोन करून विचारलं, मग ठेवलं. आर्या आता चालते, बोलते, आणि बापाला जर्मनमधून आणि आजीला मराठीतून रागावते.

दत्तात्रेय अजून तिकडे गेलेले नाहीत. यंदा कलमांचे आंबे उतरवून झाले की जाऊ म्हणतात. मृणालीशी त्यांचं बोलणं सुरू झालं, पण दोघांनाही फार बोलता येत नाही. अकरा वर्षं त्या शहरात काढलेली ती मुलगी कुठे बाहेर पडायचं झालं की वडिलांना फोन करते आणि कुठली ट्राम घेऊ म्हणून विचारते. ते सांगतात. मागे रेटो तिला म्हणाला की तुझ्या फोनमधे नकाशा आहे की.

"असू दे," ती म्हणाली.